ताईंचा सव्वीस

माझ्या नणंदबाई दात बनवतात. दुसऱ्यांच्या तोंडात बसवायचे. चावायचं काम आमच्या घरात माझ्याकडे आहे असं माझा नवरा म्हणतो, आणि या एका गोष्टीपुरतं त्याचं खरं आहे.

ताई त्याच्याहून अकरा वर्षांनी मोठ्या. लग्न केलं नाही. वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत एकट्या राहतात, जेवायला आमच्याकडे. दातांच्या लॅबमध्ये त्यांची अठ्ठावीस वर्षं झाली. पोर्सिलीनची पांढरी भुकटी पाण्यात कालवायची, बारीक ब्रशाने थरावर थर देत दाढ उभी करायची आणि भट्टीत भाजायची. शेजारच्या खऱ्या दाताचा पिवळेपणासुद्धा त्या तंतोतंत उतरवतात. नवीन डॉक्टर लॅब बघायला आला की मालक आधी त्याला ताईंच्या टेबलापाशी नेतात. मी पोस्टात काउंटरवर बसते. माझं टेबल कोणी कोणाला दाखवत नाही.

पण माझ्या पोटात दुखायचं ते दातांवरून नव्हे, सोफ्यावरून.

नवरा चौदा वर्षांचा असताना पाय मोडून तीन महिने अंथरुणाला खिळला होता. ताईंनी पगारातून जुना गेमचा डबा विकत आणला, आणि त्याला एकट्याला कंटाळा येईल म्हणून स्वतःही बंदुकीचा गेम शिकल्या. पाय बरा झाला, गेम सुटला नाही. दर रविवारी सकाळी भाऊ-बहीण टीव्हीसमोर जोडीने शत्रू टिपत बसायची. सोफा दोघांचा, कंट्रोलर दोन. मी बाजूच्या खुर्चीत वाटाणे सोलत. नऊ वर्षांत मी किती वाटाणे सोलले असतील याचा हिशेब नाही. मला फक्त त्या सोफ्यावर नवऱ्याशेजारी बसायचं होतं. मागून मिळणारी जागा नको होती, खेळून मिळवलेली हवी होती.

म्हणून मी शिकले. पोस्टात शिक्के मारून मारून माझे हात चपळ झालेत, तरी ताईंपुढे माझं काही चालेना. खेळायची त्यांची तऱ्हाच निराळी. बंदुकीचा नेम त्या जवळजवळ फिरवतच नसत. पडद्यावरच्या आपल्या शिपायालाच एकेक पाऊल बाजूला सरकवत, आणि शत्रूच नेमात येऊन उभा राही. "पाहुणा येणारच असतो गं, आपण दार उघडं ठेवून बसायचं," असं वर म्हणायच्या. नवरा हसायचा. मी वाटाण्याची शेंग जरा जोरात फोडायचे.

एके दिवशी मी त्यांच्या सेटिंगचा फोटो काढला. नेम फिरण्याचा वेग तीन. लोक सात-आठ ठेवतात. आणि डेड झोन सव्वीस. अंगठ्याखालची दांडी मधल्या जागेवरून किती ढकलली म्हणजे नेम हलायला लागेल, त्याचा हा आकडा. जितका मोठा, तितकी दांडी सुस्त. अंगठा थोडाफार हलला तरी तिला पत्ता लागत नाही. मी ते सगळं जसंच्या तसं माझ्या खात्यात उतरवलं आणि नवऱ्याला म्हटलं, चल, आज माझ्याशी.

दांडी ढकलली तर नेम हलेना. आणखी ढकलली तर शत्रूला ओलांडून भिंतीवर. मी पंधरा वेळा मेले.

"ताईचा चष्मा लावून तू पाकिटावरचे पत्ते वाचतेयस," नवरा म्हणाला.

"कंट्रोलरच धड नाही," मी म्हटलं.

"अंगण वाकडं?"

माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. त्यात ताई दारात उभ्या. "अगं, माझं सेटिंग तुझ्या कामाचं नाही. तुझे हात कसे चटचट चालतात! तुझं वेगळं काढून देईन मी कधीतरी." मला त्यात फक्त 'तुझ्या कामाचं नाही' एवढंच ऐकू आलं. चहाचंही तेच. कप भरून दिला की म्हणायच्या, अर्धाच दे. आणि तो अर्धा कपसुद्धा दोन्ही हातांनी धरायच्या. मला वाटायचं, माझ्या चहाला नावं ठेवायची ही सभ्य पद्धत.

मग आमच्या रस्त्यावरच्या गेमच्या दुकानाने जोड्यांची स्पर्धा ठेवली. नवऱ्याने मला न विचारता स्वतःचं आणि ताईंचं नाव देऊन टाकलं. वर कौतुकाने ताईंच्या लॅबमध्ये जाऊन सगळ्यांना आमंत्रण देऊन आला, अगदी मालकांनासुद्धा. माझ्यासाठी काय, तर म्हणे, "तू पुढची खुर्ची पकड." पुन्हा खुर्चीच!

शनिवारी दुपारी घरात मी एकटी होते. गेम सुरू केला, ताईंचं खातं उघडलं, आणि सव्वीसचे चार केले. सगळे तरबेज खेळाडू सांगतात की डेड झोन जितका कमी तितका बरा. म्हणजे मी सुधारणाच केली, असं मी स्वतःला समजावलं. पण चोराच्या मनात चांदणं. टीव्ही बंद केला आणि बोटांचे ठसे उमटल्यासारखा वरून फडक्याने पुसूनही ठेवला.

फार तर त्या चारदोनदा चुकतील आणि नवरा एकदा तरी वैतागून म्हणेल, ताई, तू राहू दे. मला तेवढंच हवं होतं.

स्पर्धा रविवारी दुकानाच्या मागच्या खोलीत होती. भिंतभर पडदा, चाळीसेक माणसं. पहिल्या रांगेत लॅबचे मालक, त्यांच्या शेजारी मी. ताईंनी तिथल्या गेमवर आपलं खातं उघडलं, घरून आणलेला कंट्रोलर नेहमीसारखा मांडीवर टेकवला, दुर्बीण लावलेली बंदूक घेतली आणि खिडकीवर नेम धरून थांबल्या.

नेम थांबेना.

तो थरथरत होता. ताईंनी दांडी ढकलली नव्हती, अंगठा नुसता टेकलेला होता, आणि पडद्यावरचा तो लाल ठिपका खिडकीच्या चौकटीत सारखा हेलकावे खात होता. एक शत्रू समोरून निघून गेला. दुसऱ्याने त्यांना मारलं.

"दांडी बिघडली वाटतं!" नवरा ओरडला.

"हो, बिघडली," ताई म्हणाल्या.

पडदा बघायचं सोडून मालक खाली बघायला लागले होते. मीही त्यांच्या नजरेमागून बघितलं. ताईंचा उजवा अंगठा, आणि तो दिसू नये म्हणून त्यावर ठेवलेला डावा हात. दोन्ही थरथरत होते.

फेरी संपल्यावर ताईंनी सेटिंग उघडलं. चार. मान वळवून त्यांनी एकदाच माझ्याकडे बघितलं. मग चारचे सव्वीस केले, पण तोवर हात आणखीच बेताल झाले होते. दुसरी फेरीही गेली.

गुरुवारी मालकांनी त्यांना पोर्सिलीनच्या टेबलावरून उठवून प्लास्टरचे साचे ओतायला बसवलं. ताईंनी नवऱ्याला सांगितलं, कंटाळा आला होता, मीच मागून घेतलं. नवऱ्याने कंट्रोलर दुकानात दाखवला. दुकानदार म्हणाला, यात काहीही बिघाड नाही. तरी याने नवा घेतला. त्यानंतरच्या रविवारी ताई खाली आल्या नाहीत. डोकं दुखतंय, म्हणाल्या.

"येतेस का तू?" नवऱ्याने विचारलं.

नऊ वर्षं ज्या जागेवर डोळा ठेवला होता तिथे मी बसले. गादीला खड्डा पडला होता, ताईंच्या बसण्याचा. पाच मिनिटांत मी उठले आणि वर गेले.

ताई खिडकीशी चहा पीत होत्या. अर्धा कप, दोन्ही हातांत.

"ताई, ते मी केलं."

"माहीत आहे. घरात सेटिंग उघडणारं तिसरं कोण आहे?"

"मग त्याला का नाही सांगितलंत?"

"सांगून काय? माझे हात परत येणार आहेत?" त्यांनी कप खाली ठेवला. "चार वर्षं झाली. बाबांचं असंच सुरू झालं होतं. लॅबमध्ये मी मनगट टेबलाला दाबून धरायचे, श्वास रोखायचे, भागत होतं. आणखी वर्षभर भागलं असतं. आणि त्याला कळलं असतं तर तो मला मुद्दाम जिंकू द्यायला लागला असता. ते मला नको होतं."

मी रडायला लागले. ताईंनी मला जवळबिवळ घेतलं नाही. "रागावलेय मी," त्या म्हणाल्या. "खूप रागावलेय. रडू नकोस इथे." मग टेबलाच्या खणातून एक चिठ्ठी काढली. "हे घे. मागेच काढून ठेवलं होतं तुझ्यासाठी. तुझे हात बघून." अक्षर वेडंवाकडं होतं. वेग आठ, डेड झोन पाच.

खाली येऊन मी ते आकडे भरले. नवऱ्याने डाव सुरू केला. पहिल्याच डावात माझा नेम जिथे डोळा जाईल तिथे जाऊन उभा राहत होता. मी एकामागून एक सहा जण टिपले. नवऱ्याने कंट्रोलर मांडीवर टाकून टाळ्या वाजवल्या.

"वा! अगदी ताईसारखी!"

माझा पुन्हा जळफळाट झाला. पण तो आता मला त्याला सांगता येईना, आणि ऐकून घेणारं जे एक माणूस होतं, ते वरच्या मजल्यावर माझ्यावर रागावून बसलं होतं.