खालचा ग्रेड

खरं सांगायचं तर त्या वर्षी देवीसमोर हात जोडायचाही मला कंटाळा आला होता. अळीनं कापूस खाल्ला होता आणि बायकोचं डोकं दुखायचं थांबत नव्हतं. यवतमाळच्या डॉक्टरांनी मेंदूत गाठ आहे असं सांगितलं. जन्मभर कापसाच्या गाठी पाहिल्या, ही गाठ पहिल्यांदाच ऐकली. "एमआरआयचे आणखी खास फोटो काढू," ते म्हणाले. "गाठीत रक्त किती खेळतंय, आत कोणती रसायनं आहेत, हे डोकं न उघडता दिसतं. त्यावरून ग्रेडचा अंदाज येईल."

ग्रेड हा शब्द तेवढा ओळखीचा होता. तपासणीला निघताना तांड्यावरच्या याडीला, म्हणजे आमच्या देवीआईला, मी तेच मागितलं जे दरवर्षी कापसाची गाडी जुंपताना मागायचो, वरचा ग्रेड दे. दुसरं काही सुचण्याइतकं त्राणच उरलं नव्हतं.

यंत्राची धडधड थांबली, बायको बाहेर येऊन बाकावर बसली. बऱ्याच वेळानं एक शिकाऊ डॉक्टरीण आली. "लो ग्रेड वाटतोय, मोठे डॉक्टर समजावतील," म्हणाली आणि घाईनं निघून गेली. बाजारात खालचा ग्रेड लागला की सगळं वर्ष वाया जातं, हे बायकोला वेगळं सांगायला नको होतं. "याडीनं यंदाबी नाही आयकलं," ती एवढंच बोलली. मला रडू आवरेना.

शेजारी पांढरकवड्याचे एक मेकॅनिक चाचा बसले होते. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून त्यांची बायको झोपली होती. ते हलकेच म्हणाले, "अरे भाऊ, रडून कायले राह्यला? हे कापसाचं मार्केट नोहे. इथं लो ग्रेडच अच्छा. गाठ हळू वाढते, इलाज होते."

मी त्यांचे हात धरले. मग विचारलं, "अन् तुमचं?"

त्यांनी बायकोकडे पाहिलं, आवाज आणखी खाली आणला. "आमचा वरचा निघाला." आणि माझ्याच पाठीवरून हात फिरवला.

ऑपरेशन झालं, बायको पुन्हा वेचणीला जाते. याला चमत्कार म्हणावं का, मला ठाऊक नाही. पण याडीनं माझं ऐकलं असतं तर, या विचारानं अजून अंगावर काटा येतो. आता मी काही मागत नाही, तुला कळतं तसं कर म्हणतो. मागतो ते एकच. चाचांच्या बायकोचं नाव विचारायचं राहून गेलं, म्हणून दिवा लावताना 'पांढरकवड्याची ती बाई' एवढंच म्हणतो. याडीला कळत असेल.