वाळ्याचे पाणी

वाळा आणि सुंठ घालून पाणी उकळू लागले की त्या वासाबरोबर मला सन तीसच्या सुमाराचे मुरुडचे आमचे माजघर आठवते. धाकटा भाऊ तापाने फणफणत होता. वैद्यबुवांनी लंघन सांगितले म्हणून आई त्याला पाण्याचा थेंबही देईना, आणि दवाखान्याचे डॉक्टर बजावीत की पाण्यावाचून मूल हाती लागायचे नाही. "एक म्हणतात द्या, एक म्हणतात देऊ नका, मी कुणाचं ऐकू हो?" असे म्हणून ती रडू लागली. तेव्हा डॉक्टर स्वतः जाऊन वैद्यबुवांना घेऊन आले. नारळीच्या झावळ्यांतून खारा वारा वाहत होता आणि दोघे पडवीत बसून बोलत होते. "लंघन अन्नाचं, वहिनी, पाण्याचं नव्हे," वैद्यबुवा आत येऊन म्हणाले, "ज्वरात औषधी घालून उकळलेलं पाणी आमच्या ग्रंथांतच आहे." "मग बुवा, भांडण कशाचं? उकळा तुम्ही, पाजतो मी," डॉक्टर हसले. वैद्यबुवांनी पाणी निववले, डॉक्टरांनी पळीने पाजले, आणि थोड्या वेळाने भावाने ती पळी दातांत अशी घट्ट धरली की आई रडता रडता हसली. तो भाऊ आता नातवंडांत रमला आहे. त्या पाण्यात कोणाचे शास्त्र किती होते, हे विचारण्याची गरज परमेश्वरकृपेने त्याला कधी वाटली नाही.