पडदा नसलेली खानावळ

गिऱ्हाईक बाकावर टेकलं की आमचे मालक वरणाचं पातेलं उचलून त्याच्या नाकाखाली धरायचे. म्हणायचे, "बघून खा, मंग बोला." मानवतच्या स्टँडसमोर तुम्ही कधी जेवला असाल, तर ती वाफ तुमच्याही नाकाला लागली असेल.

एकदा वरण करपलं. रोजचा एस.टी. कंडक्टर ताट ओढून बसला होता.

"आज वरण घेऊ नका, लागलंय. ठेचा घ्या."

"ठेचा बरा हाय का?"

"लय तिखट झालाय."

"मंग आमी खायाचं काय, मालक?"

"भाकर चांगली हाय. ती मी केली न्हाई."

मालकीणबाई गल्ल्यावरून म्हणाल्या, "गिऱ्हाईक हाकलायला येगळा माणूस लागत न्हाई आपल्याला."

भाकरी मी करायचे. मला माणसांपुढं बोलता येत नाही, म्हणून चुलीपुढं जुन्या लुगड्याचा पडदा होता. एक दिवस मालकांनी तोही ओढून काढला.

"लोकायला दिसू द्या, भाकर कशी करतेत ते."

"मालक, मी उद्यापासून यायची न्हाई."

ते डोकं खाजवत उभे राहिले. मग म्हणाले, "बाई, तोंड भिंतीकडं करा. हात तेवढे दिसू द्या."

तेव्हापासून मी वाकडी बसायचे. पुढं बाजारात वांगी निवडताना त्या कंडक्टरनं माझे हात ओळखले. "भाकरवाल्या बाई ना तुमी?" मी वांगी तिथंच टाकून घरी पळाले.

यंदा मालक गेले. दुपारची ताटं वाढून बाकावर टेकले, ते उठलेच नाहीत. देवाचा कारभार सगळा झाकलेला. त्यानं एकदा तरी पातेलं उघडून दाखवायचं होतं.

मग मालकांच्या मुलानं खानावळ चालवायला घेतली. पहिल्याच दिवशी त्यानं नवा पडदा लावला. "मावशी, आता लाजायचं काम न्हाई." खरं सांगते, मला बरं वाटलं.

नेमकं त्या दिवशीच वरण लागलं. मुलानं वर लसणाची फोडणी ओतली, झाकण ठेवलं आणि कंडक्टरला वाढायला निघाला. परातीत माझे हात थांबले. बोलले तर काम जाणार, हे कळत होतं.

"वरण घेऊ नका, लागलंय."

आवाज माझाच होता. मुलगा पळी धरून तसाच उभा राहिला. कंडक्टर पडद्याकडं बघायला लागला. मी पिठाच्या हातानं पडदा सारला. त्या खानावळीत माझं तोंड पहिल्यांदा रस्त्याकडं झालं.

"बघून खा," एवढंच मला बोलता आलं.

"मंग बोला," कंडक्टर हळूच म्हणाला, आणि त्यानं ठेच्यासाठी वाटी पुढं केली.