हॉलमधला तिरपा ओळंबा

स्लॅबखाली एकवीस दिवस ठेवायच्या टेकूच्या बल्ल्या दहाव्या दिवशी काढायला लावणारी बाई तुम्ही कधी पाहिली आहे का? नसेल, तर मीच ती. तेव्हा माझी पन्नाशी उलटली होती, म्हणजे अक्कल यायचं वयही उलटलेलंच... आणि नुसती चूक केली असती तरी एक वेळ चाललं असतं. मी ती दुसऱ्याच्या नावावर केली.

या सदरातले अनुभव मी नेमाने वाचते आणि पदर तोंडाला लावून हसते, हे आधीच सांगून टाकते. पांढऱ्या साडीतल्या बाया, घाटातली वळणं, मागून हाका... माझा असल्या गोष्टींवर कधी विश्वास नव्हता. आजही पुरता नाही. माझ्याबाबतीत जे घडलं ते भर दुपारी एक वाजता, बुलढाण्यात, चिखली रोडच्या अंगाला तेव्हा नवीनच पडलेल्या एका लेआउटमध्ये, सिमेंटच्या पोत्यांशेजारी घडलं. पैंजण वगैरे काही वाजले नाहीत.

तीस बाय पन्नासचा प्लॉट, पूर्वेला तोंड. आमचे हे नोकरीला अकोल्याला, शनिवारी रात्री यायचे आणि सोमवारी पहाटेच्या बसने जायचे. त्यामुळे घर बांधायचं काम माझ्याकडे आलं — नकाशापासून रंगापर्यंत सगळं. मी प्लॅस्टिकची खुर्ची, एक छत्री आणि गळ्यात मापाची टेप घेऊन सकाळी आठला हजर. टेप कशी धरायची ते मला कळत नव्हतं, पण गळ्यात शोभायची. लेआउटमधले लोक मला ‘इंजिनिअरबाई’ म्हणायचे. मला वाटायचं, कौतुकाने म्हणतात!

मिस्त्री होते सुदाम मिस्त्री, धामणगाव बढेचे. साइटवरच टिनाच्या खोलीत राहायचे. बोलणं कमी. त्यांच्याजवळ वडिलांचा पितळी ओळंबा होता — दोरीला बांधलेलं ते वजन, भिंत सरळ आहे की नाही पाहायचं. विटांचे दोन थर झाले की ओळंबा सोडायचे, एक डोळा मिटायचे आणि बऱ्याचदा वरची वीट उचलून पुन्हा बसवायचे. मला ते वेळ घालवणं वाटायचं.

“मिस्त्री, मले तं भिंत सरळच दिसून राह्यली,” मी खुर्चीवरून ओरडले एकदा.

“तुमाले दिसते बाई. ओयंब्याले नाही दिसत.”

मजुरीच्या बाया खदखदून हसल्या. मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही.

आता मूळ गोष्ट. नकाशात हॉलच्या मधोमध एक खांब होता. खोल्या उभ्या राहत आल्या आणि माझ्या डोक्यात आलं, खांब नको. वास्तुशांतीला पुण्याची जाऊ येणार होती. “बुलढाण्यात काय गं, दोन खोल्या आणि पुढे ओटा बांधत असाल ना?” असं ती फोनवर म्हणाली होती. मला तिला हॉल दाखवायचा होता, असा मोकळा, की बोलली तर आवाज घुमला पाहिजे. नकाशा काढणाऱ्या इंजिनिअरने खूप समजावलं, शेवटी कंटाळून हिशेब बदलून दिला. तुळई जाड केली, लोखंड वाढवलं, आणि मला समोर बसवून सांगितलं, “काकू, खांब गेल्याने मधला गाळा मोठा झालाय. एकवीस दिवस सेंट्रिंगला हात नाही लावायचा.” सेंट्रिंग म्हणजे ओल्या स्लॅबला खालून धरून ठेवणाऱ्या लोखंडी प्लेटा आणि त्यांच्या खालच्या बल्ल्या. मी मान हलवली. मान हलवण्यात मी पटाईत.

या खांबापायी बाकी घराचा स्लॅब आधी झाला आणि हॉलचा मागे राहिला. आणि पत्रिका? त्या मी आधीच छापून घेतल्या होत्या! हॉलचा स्लॅब टाकला एप्रिलात, आणि मुहूर्त होता बरोबर तेराव्या दिवशी.

स्लॅबच्या दिवशी मजुरांना जिलबी दिली, फोटो काढले. दुसऱ्या दिवसापासून मजुरीच्या बायांतली गंगाबाई स्लॅबवर मातीची आळी करून पाणी भरायची. सुदाम मिस्त्रींना आठव्या दिवशी भाच्याच्या लग्नाला गावी जायचं होतं. निघताना हॉलच्या तुळईखाली खिळ्याला ओळंबा तसाच लटकत ठेवला, आल्यावर आतली भिंत धरायची म्हणून. आणि मला म्हणाले, “बाई, चार रोजात येतो. बल्ल्याईले कोनाले हात लावू देऊ नोका.”

“जा हो तुम्ही निवांत,” मी म्हणाले.

दहाव्या दिवशी सकाळी मी सेंट्रिंगवाल्या अन्वरला बोलावलं.

“निकालो.”

“बाई, मिस्त्री तो इक्कीस बोले थे.”

“कालच निरोप आला त्यांचा. काढा म्हणाले. काऊन, माझ्यावर भरोसा नाही का?”

असा कोणता निरोप आला नव्हता. अन्वरने त्याच्या माणसांना हाक मारली. घराच्या मालकिणीला खोटं कसं म्हणणार बिचारा?

बारा वाजेपर्यंत हॉल मोकळा झाला. एक बल्ली नाही, एक प्लेट नाही. मी मधोमध उभी राहिले आणि ‘ओ’ असा आवाज काढून पाहिला. घुमला! मी इतकी फुगले की मला स्वतःलाच खालून बल्ली लावावी लागली असती.

मग जेवणाची सुट्टी झाली. बाहेर ऊन रणरणत होतं, म्हणून गंगाबाई आणि दोघी बाया हॉलमध्येच गारव्याला भाकरीची फडकी सोडून बसल्या. गंगाबाईचं सहा महिन्यांचं लेकरू तुळईच्या हुकाला बांधलेल्या झोळीत झोपलं होतं. मी आत आले ती कुठे काय धुऊन काढायचं ते सांगायला. आणि माझी नजर ओळंब्यावर गेली.

ओळंबा तिरपा होता.

हलत नव्हता हं. हलता तर मी वाऱ्याला दोष दिला असता. तो एका जागी थांबलेला होता, दोरी ताणलेली, आणि वजन दाराकडे. जसं एखाद्याने दोन बोटांत धरून दाराच्या बाजूला ओढून ठेवावं, तसं. मला आधी वाटलं आपलीच मान वाकडी आहे. मान सरळ केली. डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं. त्याच तुळईला, हातभर अंतरावर, झोळीची दोरी होती... ती सरळ. दोरी कुठे अडकलीय का पाहिलं, नव्हती. मग मी बोटाने ओळंबा ढकलून सरळ केला. पितळ गार लागलं. बोट काढलं तसा तो सावकाश परत तिथेच गेला. दाराकडे. आणि थांबला.

त्या वेळी माझ्या अंगातून जे गेलं त्याला काय म्हणायचं ते मला अजून ठरवता आलं नाही. भीती म्हणावी तर मी कशाला भ्यायले हेच मला माहीत नव्हतं. एवढंच कळलं की या लोकांनी इथे बसायचं नाही. पण सांगणार काय? तीन महिने या बायांच्या काळ्या बाहुलीला आणि लिंबू-मिरचीला मी हसत आले होते. आता त्यांना म्हणू, की बायांनो, ओळंबा मला बाहेर जा म्हणतो?

म्हणून मी खेकसले.

“उठा गं! हॉल काय तुमच्या जेवाले बांधला का? सगळी खरकटी करून ठेवता. बाहेर बसा!”

“बाप्पा! बाई, बाहेर ऊन केवढं हाय,” गंगाबाई म्हणाली. “आत्ता तं लेकराचा डोया लागला.”

“लेकरू घे अन् हो बाहेर. आत्ता!”

“जेवत्या मानसाले उठवते ही बाई,” दुसरी पुटपुटली. ते मला नीट ऐकू आलं. त्यांनी भाकरी पदरात गुंडाळल्या, गंगाबाईने झोळीतून लेकरू काढलं, आणि माझ्याकडे अशी नजर टाकून गेल्या की काय सांगू. मी त्यांच्या मागे निघाले. बाया समोरच्या कडुलिंबाखाली बसून पुन्हा पहिला घास मोडत होत्या, तेव्हा मागे काहीतरी कडकडलं.

मी वळले तर हॉलच्या दारातून धूळ बाहेर येत होती, पांढरी, जाड. कोसळण्याचा मोठा आवाज त्या धुळीच्या आधी आला की नंतर ते मला सांगता येणार नाही. स्लॅबचा मधला भाग खाली बसला होता. झोळी, पाण्याची कळशी, ओळंबा, सगळं त्याखाली.

कोणाला खरचटलंसुद्धा नाही. गंगाबाई लेकराला छातीशी धरून उभी होती, मग एकदम माझ्या पायावर पडली. “देवानंच तुमाले बुद्धी देली बाई!” मी तिला उठवलंही नाही.

ओळंब्यापासून इथपर्यंतची गोष्ट मी तेव्हापासून सांगत आले. लोक माना डोलावतात, अंगावर काटा आला म्हणतात. निरोपाची आणि इथून पुढची आज पहिल्यांदा लिहिते आहे.

अर्ध्या तासात सगळं लेआउट जमलं. इंजिनिअर आला, पांढराफटक पडलेला. “सेंट्रिंग कोणी काढायला सांगितली?”

अन्वर म्हणाला, “मिस्त्री का निरोप आया था, बाई बोले.”

सगळे माझ्याकडे वळले. नुकतीच तीन बाया आणि एक लेकरू वाचवलेली मी. कपाळावर धूळ, डोळ्यांत पाणी. खरं बोलायला ह्याहून बरी वेळ कोणाला मिळते?

“हो,” मी म्हणाले. “मिस्त्रींनीच सांगितलं होतं.”

सुदाम मिस्त्री दुसऱ्या दिवशी आले. लग्नातल्या टोपीवरच आले. इंजिनिअर त्यांच्यावर चारचौघांत ओरडला, “माणसं मेली असती, कळतं का?” शेजारी ओरडले, शनिवारी आमचे हेही ओरडले. मिस्त्रींनी एकदा माझ्याकडे पाहिलं. मी पाण्याच्या टाकीकडे बघायला लागले, जसं काही टाकीत काही विशेष चाललं होतं. ते एवढंच म्हणाले, “काम मी परत उभं करून देतो.” आणि दिलं. मजुरी न घेता. मलबा काढताना त्यांना ओळंबा सापडला, चेपलेला. तो पुसून खिशात टाकला. मधला खांब परत आला, नवा स्लॅब टाकला, आणि एकवीस दिवस मी खुर्चीवर बसून तोंड उघडलं नाही. माझ्या आयुष्यातला तो विक्रम आहे. वास्तुशांती पावसाळ्याच्या तोंडावर झाली. जाऊबाई खांबाला टेकून फोटो काढून घेऊन गेली. हॉल लहान आहे असं ती म्हणाली नाही. हॉलकडे तिचं लक्षच नव्हतं.

ओळंब्याचं उत्तर मला मिळालेलं नाही. सेंट्रिंगचा विषय पुन्हा निघू नये म्हणून इंजिनिअरला एकदा गोष्ट दुसऱ्याची म्हणून विचारली. तो म्हणाला, स्लॅब वाकला तर खिळा सरकेल, दोरी तरी खाली सरळच लोंबणार. माझी नात कॉलेजात फिजिक्स शिकते. ती म्हणते, “आजी, ग्रॅव्हिटी काय फक्त तुझ्या हॉलपुरती सुट्टीवर गेली होती? तुझा तेव्हाचा चष्म्याचा नंबर सांग बरं.” चष्मा लागलेला नव्हता तेव्हा. आणि माझ्या बोटाला तर नंबर नव्हता... ते परत जाणं मला बोटाला जाणवलं होतं.

गेल्या वर्षी गच्चीची दुरुस्ती काढली. नवा मिस्त्री चहा पिताना म्हणाला, हे घर कोणी बांधलं? मी सुदाम मिस्त्रींचं नाव घेतलं. तर तो हसला. “थो ‘पडका सुदाम’? त्याले तं कोनी स्लॅबले हात लावू देत नाही. पिलास्टरच करे सारी उमर.”

इतकी वर्षं झाली होती. हे आमचे गेले, त्यांना मी शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं. त्या रात्री नाही, पण चौथ्या दिवशी मोताळ्याकडची बस धरली आणि धामणगाव बढेला गेले. चार दिवस धैर्य गोळा करत होते असं लिहायला बरं दिसेल. खरं म्हणजे पुन्हा टाकीकडे बघत होते.

मिस्त्री अंगणात बाजेवर बसले होते. एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. मला आवाजावरून ओळखलं. “या, इंजिनिअरबाई.” त्यांच्या सुनेने चहा आणला. मी सगळं सांगितलं... निरोपाचं खोटं, लोकांसमोरचं खोटं, टाकी. आणि ओळंब्याचंही सांगितलं. मला वाटलं, निदान ह्यांना तरी पटेल, त्यांचाच तो ओळंबा.

ते हसले. “ओयंबा कधी तिरपा राह्यते का बाई?”

मी हात जोडले. माफ करा म्हणाले. मला वाटतं मी रडलेही, पण माझं रडणं मी फार मनावर घेत नाही, ते मला केव्हाही येतं. मिस्त्रींनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली, आणि जे म्हणाले ते जसंच्या तसं लिहिते:

“हे मले काऊन सांगून राह्यल्या बाई? मले तं पह्यल्या दिसापासून माहीत हाय. ज्याईले माहीत नाही, त्याईले सांगा.”