ओविदियोच्या फोटोची कड

नीकासियाने उभ्या आयुष्यात फोटोला कात्री लावली नव्हती. पुनाटा गावच्या बाजारामागे तिचा स्टुडिओ. स्टुडिओ कसला, एक खोली, एक म्हातारा कॉम्प्युटर आणि मनात येईल तेव्हा चालणारा प्रिंटर! पण ऑक्टोबर लागला की दारात ही रांग. मेलेले एक नोव्हेंबरला दुपारी बाराच्या ठोक्याला घरी येतात, आणि त्यांच्यासाठी मांडलेल्या टेबलावर पाव, मक्याची आंबवलेली चिचा आणि फोटो नको का? जिवंत माणसाच्या फोटोला सरळ, ठाम चौकट. मेलेल्याच्या फोटोची कड मात्र विरलेली हवी, म्हणजे त्याला यायला-जायला वाट राहते. आणि त्या फोटोत जिवंत माणूस चुकूनसुद्धा दिसता कामा नये. दिसला, तर दुसऱ्या दिवशी बाराला परत निघताना मेलेला त्यालाही बरोबर नेतो. हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं.

"मग कापून टाक ना सरळ," गिऱ्हाईकं म्हणायची.

"माणूस म्हणजे काय भोपळा आहे कापायला?" नीकासिया फणकारायची. "झाकते मी."

कॉम्प्युटरमध्ये फोटोवर मास्क नावाचा पडदा चढवायचा. मास्कवर काळं फासलं की खालचं झाकतं, पांढरं फासलं की पुन्हा दिसतं. मग कडेवरून फिल्टर फिरवला की ती खडबडीत, विरलेली होते. झाकलेला माणूस जातो कुठे? तिथेच असतो बिचारा, काळ्याआड. या गोष्टीचा तिला फार आधार वाटायचा.

यंदा पाळी तिच्याच घरावर आली. जावई ओविदियो ऑगस्टमध्ये ट्रकसकट दरीत गेला. त्याचा धड असा फोटो एकच, लग्नातला. शेजारी देल्मीरा, नीकासियाची एकुलती एक लेक, आणि तिच्या डाव्या खांद्यावर त्याचा हात. नवरा गेल्यापासून पोरगी एकदाही रडली नव्हती. धड जेवत नव्हती. डावा खांदा तेवढा चोळत बसायची.

सोमवारी नीकासियाने स्वतःच्या लेकीवर काळं फासलं. चेहरा, केस, खांदा, खांद्यावरचा तो हातसुद्धा. काळजात चर्र झालं, पण केलं. मंगळवारी फोटो उघडला, तर कडेतून देल्मीराची पांढरी बाही बाहेर!

"मेला फिल्टर!" म्हणत तिने पुन्हा काळं फासलं. बुधवारी बाही तर होतीच, वर कानातला डूल आणि अर्धा गालही. नीकासियाची पाचावर धारण बसली. जावई पोरीला ओढतोय, दुसरं काय!

गुरुवारी ती बाजारातून लवकर परतली. पडदा सारला, तर कॉम्प्युटरसमोर देल्मीरा. मन लावून कडेवर पांढरं फासत होती.

"देल्मीरा! काय करतेस हे?"

"मला त्याच्याजवळ राहू दे, आई."

"आणि माझ्याजवळ कोण राहील गं, भवाने?" नीकासियाने फाडकन तिच्या थोबाडीत दिली, आणि मग तिलाच कवटाळून हमसाहमशी रडली. पोरीच्या डोळ्यांत टिपूस नाही. नीकासियाने काळं फासलं, फोटो छापला, चारदा निरखला आणि बिस्किटांच्या डब्यात घालून डब्याला कुलूप लावलं. कॉम्प्युटरची वायरही काढून कमरेला खोचली. पण मनात कुठेतरी हायसं वाटलं. जावयाचा काही दोष नव्हता, पोरीचाच खेळ होता.

शुक्रवारी पावणेबाराला टेबल सजलं. पाव, चिचा, ओविदियोच्या आवडीचं शेंगदाण्याचं सूप. तिने कुलूप काढून फोटो मांडला, चष्मा लावला आणि फोटो पुन्हा डोळ्यांजवळ नेला. फोटोत देल्मीरा कुठे दिसत नव्हती. पण हात दिसत होता. विरलेल्या कडेच्या बाहेर, कोऱ्या कागदावर, ओविदियोची पाच बोटं. अंगठीसकट. काहीतरी घट्ट धरल्यासारखी वाकलेली.

"हे तू केलंस?" तिने शेजारी उभ्या लेकीला विचारलं.

"बाही मी उघडली. डूल मी उघडला." देल्मीरा खांदा चोळत होती. "हात नाही गं, आई. हात तर इथे आहे. ऑगस्टपासून."

बाराला पाच कमी. पुन्हा वायर जोडायची कधी आणि छापायचं कधी? नीकासियाने फळीवरची कापडाची कात्री उचलली.

"माफ करा, जावईबापू," ती म्हणाली, आणि मनगटापाशी कचकन कापलं. तो तुकडा चुलीत टाकला. उरलेला फोटो पावाला टेकवून ठेवला.

देवळात बाराचे ठोके पडले. आणि देल्मीराने हंबरडा फोडला. तीन महिन्यांचं सगळं एकदम बाहेर आलं.

"सोडलं गं त्याने," ती रडता रडता म्हणाली. "आई, इथे थंडी वाजतेय."

नीकासियाने तिच्या डाव्या खांद्यावर आपला हात ठेवला. दुसऱ्या दिवशी बाराला मेलेले परत निघेपर्यंत तिने तो काढला नाही.