त्यांचा झुकाव

माहेरी, सांगलीला, आम्ही कल म्हणायचो. थोरलीचा कल गाण्याकडे, धाकट्याचा उनाडक्यांकडे. लग्नानंतर हिंदी मुलखात, बरखेड्याला कारखान्याच्या क्वार्टरमध्ये आले तेव्हा झुकाव हा शब्द कानावर पडायला लागला. तो कारखान्यातल्या युनियनांची निवडणूक जवळ आली की निघायचा, आणि कायम दुसऱ्याचा असायचा. माझा झुकाव अमुक बाजूला आहे, असं मी तिथे एकाच्याही तोंडून ऐकलं नाही. 'उनका झुकाव उधर है', एवढंच, तेही आवाज खाली आणून. त्यानंतर त्या माणसाबद्दल कोणी काही विचारत नसे.

आमचे हे कारखान्यात टर्नर होते. त्या जानेवारीत ते कँटीनमध्ये खिडकीजवळच्या बाकावर जेवायला बसू लागले. थंडी कडाक्याची आणि तिथे ऊन यायचं, असं त्यांनीच मला सांगितलं होतं. त्या बाकावर एकाच युनियनची माणसं बसतात, हे अख्ख्या कारखान्याला ठाऊक होतं. आमच्या भोळ्या सांबाला तेवढं नव्हतं.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी ओळीतल्या सगळ्या मराठी घरी जाऊन बोलावणं करून आले होते. तिळाच्या वड्या केल्या, वाणाला चहाच्या गाळण्या आणल्या, सतरंजी अंथरली आणि दार सताड उघडं ठेवून बसले. कोणी आलं नाही. समोरच्या क्वार्टरांचे पडदे हलायचे, मी मान वर केली की थांबायचे. खेळणारी मुलं आमच्या फाटकापाशी आली की गप्प व्हायची आणि पुढे गेली की पुन्हा ओरडायला लागायची. मला राग यायला हवा होता, पण भीती वाटली. हे घर कधीच रिकामं झालंय आणि मला ते कोणी अजून सांगितलेलं नाही, असं काहीतरी वाटत राहिलं.

दिवेलागणीला मागच्या दाराची कडी वाजली. शेजारची आली होती, ग्वाल्हेरकडची. उभ्या उभ्या तिने कुंकू लावून घेतलं, वाण पदराखाली धरलं.

"वहिनी, भाईसाहेबांचा झुकाव तिकडे आहे म्हणे. आमचे म्हणाले, इलेक्शन होईपर्यंत जाऊ नकोस."

कोण म्हणतं, मी विचारलं. सगळेच म्हणतात, ती म्हणाली. पायरी उतरताना तिने टिकलीखालचं, मी लावलेलं कुंकू पदराने पुसून टाकलं.

थोड्या वेळाने हे आले. भरलेलं ताट आणि रिकामी सतरंजी पाहिली, एक वडी उचलली. उन्हाचं कारण मला माहीत होतं. पण दुपारभर त्या दारात बसून माझाही त्या उन्हावरचा विश्वास उडाला होता. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "खरं सांगा, तुमचा झुकाव कुठे आहे?"

वडी त्यांच्या हातातच राहिली. आधी त्यांनी उठून पुढचं दार लावलं, मग मागचं. परत येऊन माझ्याकडे पाहिलं, कँटीनमध्ये समोर नवीन येऊन बसलेल्या माणसाकडे पाहावं तसं.

"हे विचारायला तुला कुणी सांगितलं?"