पाच सह्या

सॉसेजच्या कारखान्यात तिला सगळे मीठवाली म्हणत. मागच्या बाजूला, वाफेच्या नळ्यांखाली एक अरुंद खोली होती, तीच प्रयोगशाळा. तिथे ती चौदा वर्षं न्याहारीच्या सॉसेजमधलं मीठ, चरबी आणि पाणी मोजत आली होती. सॉसेज वाटायचं, गरम पाण्यात ढवळून गाळायचं आणि त्यात थेंब थेंब औषध सोडत बसायचं. पिवळं पाणी विटकरी झालं की मीठ किती ते कळायचं. चौदा वर्षांत तिचा आकडा कुणी खोटा पाडला नव्हता. तिने स्वतः मात्र सॉसेज खाणं कधीच सोडलं होतं. रोज तोच वास नाकात बसला की जीव विटतो.

कारखान्याचा मॅनेजर बोलायला इतका गोड की कामगार त्याला साखरसाहेब म्हणत. एके वर्षी त्याच्या डोक्यात ‘कमी मीठ’ असं छापलेलं पाकीट काढायचं आलं. अर्ध्या मिठाचा एक घाणा बनवला, मीठवालीने तो तपासला. शंभर ग्रॅममागे सोडियम चारशे वीस मिलिग्रॅम. तिने अहवालावर सही केली. पण मीठ नुसतं चवीला नसतं, मांस धरून ठेवायलाही लागतं. ती सॉसेजं तव्यावर टाकताच फुटली, भुगा झाला. बेत बारगळला असं तिने धरून चाललं. पाकिटं भरायची इमारत रस्त्यापलीकडे होती आणि तिकडे तिचं काही काम नसे.

तिचा एकच भाऊ. शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झालेला, हृदय अशक्त झालेलं. दिवसाला दीड हजार मिलिग्रॅमच्या वर सोडियम नको, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं होतं. दादा शिस्तीचा माणूस. जेवणाच्या टेबलावर वजनकाटा ठेवून तो पावसुद्धा मोजून खायचा. तरी त्या हिवाळ्यात त्याचे पाय सुजले, छातीत पाणी भरलं आणि तिसऱ्यांदा दवाखान्यात नेलं, तिथून तो परत आलाच नाही.

महिन्याभराने ती वहिनीला स्वयंपाकघर आवरू लागायला गेली. बर्फाच्या कप्प्यात सात पाकिटं निघाली. तिच्याच कारखान्याची, वर हिरव्या अक्षरांत ‘कमी मीठ’. मागच्या तक्त्यात सोडियम चारशे वीस.

“हे कधीपासून आणत होतात?” तिने विचारलं.

“आठ महिने झाले असतील,” वहिनी म्हणाली. “आधी आठवड्यातून एकदा दोन खायचे. ही आल्यावर रोज सकाळी चार. मी अडवलं तर म्हणायचे, माझ्या बहिणीने मोजलंय, डोळे मिटून खावं.”

मीठवालीने एक पाकीट पिशवीत टाकलं आणि दुसऱ्या दिवशी तीन वेळा तपासलं. तिन्ही वेळा आठशे वीसच्या आसपास. नेहमीचाच माल, फक्त पाकीट नवं. चार सॉसेजं म्हणजे दोनशे ग्रॅम. दादाची दिवसभराची मर्यादा न्याहारीलाच ओलांडली जात होती.

ती तडक साखरसाहेबाकडे गेली. त्याने तिला बसवलं, चहा मागवला, भावाचं ऐकून हळहळला. म्हणाला की पाकिटं आधीच छापून आली होती, काय करणार. मग खणातून एक कागद काढून त्याने तिच्यापुढे सरकवला. त्या एका घाण्याचा अहवाल, खाली तिची सही.

“बाहेर गेलंच तर पहिलं नाव तुमचं निघेल,” तो म्हणाला. “आपण एकाच नावेत आहोत, बाई.”

तिने चहा संपवला. “हो साहेब,” म्हणाली आणि कप धुऊन ठेवला.

त्या दिवसापासून तिच्याइतकं आज्ञाधारक माणूस कारखान्यात दुसरं नव्हतं. रडून झालं होतं. आता आत नुसता निखारा होता आणि तो ती जपून फुंकत होती. डॉक्टरांना तिने विचारलं होतं. ते म्हणाले, एवढ्यानेच गेले असं छातीठोक सांगता येणार नाही. तिला सांगता येत होतं.

तिच्या सहीने दादाला फसवलं, तर आता सही साखरसाहेबाची हवी होती. दर महिन्याला ती ‘कमी मीठ’ मालाचा खरा अहवाल लिहायची. आकडे स्पष्ट आणि खाली एक ओळ: पाकिटावरचा आकडा चुकीचा आहे, विक्री थांबवावी. तो कागद ती इतर दहा कागदांत घालून, तो बैठकीला निघण्याच्या घाईत असताना पुढे धरायची. साखरसाहेब न वाचता ‘पाहिले’ लिहून सही ठोकायचा. एक सही पुरली नसती. चुकून केली म्हणाला असता. तिने पाच घेतल्या. प्रत्येक घाण्याची दोन पाकिटं मोहोर लावून नमुन्यांच्या फ्रीजरमध्ये ठेवली. आणि पाचवी सही मिळाली त्या दुपारी सगळं घेऊन ती अन्न तपासणीच्या कार्यालयात गेली.

दुसऱ्या सकाळी तपासणी अधिकारी आली. किडकिडीत, कमी बोलणारी बाई. तिने पाचही कागद साखरसाहेबाच्या टेबलावर ओळीने मांडले.

“सह्या तुमच्याच ना?”

त्याने एकेक कागद वाचला, बहुधा पहिल्यांदाच. पाचव्यापर्यंत त्याचे ओठ पांढरे पडले. त्याने दाराशी उभ्या असलेल्या मीठवालीकडे पाहिलं.

“तुमचीही नोकरी जाईल हे कळतंय ना तुम्हाला?”

“कळतंय,” ती म्हणाली. “एकाच नावेत आहोत ना, बुडते आहे तुमच्याबरोबर.”

त्याच्या चेहऱ्याकडे ती पोटभर बघत राहिली. इतकं गोड तिला कित्येक महिन्यांत काही लागलं नव्हतं.

माल दुकानांतून परत आला. कारखान्याला चार महिने टाळं लागलं. साखरसाहेबाला दीड वर्षाची कैद झाली. तिचीही नोकरी गेली. पाकिटं भरणाऱ्या बाया रस्त्यात दिसल्या की तोंड फिरवायच्या. तिला त्याचं काही वाटलं नाही.

वाटलं ते वेगळ्याच गोष्टीचं. तिची साक्ष झाल्यावर कोर्टाच्या जिन्यात एका सुताराने तिला थांबवलं. हातात टोपी, आवाज अगदी साधा. त्याची आईसुद्धा हृदयाची रुग्ण, तीसुद्धा तीच सॉसेजं खायची, पाकीट बघून. उन्हाळ्यात गेली.

“तुम्हाला हिवाळ्यातच कळलं होतं, असं आत सांगितलंत,” तो म्हणाला. “मग त्याच महिन्यात का नाही गेलात?”

उत्तर होतं, पण त्या माणसापुढे उच्चारण्यासारखं नव्हतं. तो टोपी घालून खाली उतरला.

ती तशीच वहिनीकडे गेली. वहिनी खिडकीशी बसून शर्टाला बटण लावत होती. मीठवालीने सुताराचं सगळं सांगितलं, काही न गाळता.

“पहिल्या महिन्यात गेले असते तर साखरसाहेब सुटला असता, वहिनी. मला तो हवा होता. बाकी कुणी दिसलंच नाही.”

वहिनीने दोरा दाताने तोडला.

“मलाही तोच हवा होता, वन्सं,” ती म्हणाली आणि दुसरं बटण घेतलं.